कुत्र्यावर नजर

धाकट्या भावाची पोटातली पानथरी (प्लीहा) काढली, तेव्हा सर्जनने ती स्टीलच्या ट्रेमध्ये बाहेर आणून दाखवली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून तो पडला, तेव्हा ती आतल्या आत फुटली होती. काढली नसती, तर रक्तस्रावाने तो गेला असता. आबांनी, म्हणजे वडिलांनी, ट्रेकडे बराच वेळ पाहिले. सर्जन आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, “हाई त्यानीच शे, कशावरून?”

जळगावहून पाचोरा तालुक्यातल्या आमच्या गावी परतल्यावरही ती पानथरी त्याचीच होती का, हा आबांचा संशय गेला नाही. डॉक्टरांनी बजावले होते, की पानथरी नसलेल्या माणसाच्या रक्तात जंतू शिरले तर फार वेगाने पसरतात. लसी घ्यायच्या. साधा ताप आला तरी जवळ ठेवायला दिलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊन तडक दवाखाना गाठायचा. कुठल्याही डॉक्टरला आधी हे सांगायचे. आबांच्या मते ही गिऱ्हाईक टिकवायची रीत होती. भावाने सुरुवातीच्या लसी घेतल्या. पुढे त्यालाही आबांचे पटू लागले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मळ्यातल्या कुत्र्याला भाकरी टाकताना ते त्याच्या हाताला चावले. दात जेमतेम लागले होते. जखम साबणाने धुतली, सरकारी दवाखान्यात रेबीजची इंजेक्शने सुरू झाली. पानथरीचा विषय त्याने तिथे काढलाच नाही. काढला तर पुन्हा जळगावला पाठवतील असे वाटले, हे पुढे त्यानेच सांगितले.

दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायचे होते, आणि आमच्या घरात लक्ष ठेवणाऱ्यांची कधीच कमतरता नव्हती. कुत्रे निंबाला साखळीने बांधले. आबा समोर खुर्ची टाकून बसत. कुत्रे जास्त झोपले तरी संशय, कमी झोपले तरी संशय. आबा कुत्र्याला राखताहेत की कुत्रे आबांना, असे शेजारच्या काकू विचारून गेल्या. मी धुळ्यात नोकरीला; भावजय मला रोज सकाळी कुत्रे पाणी पितानाचा व्हिडिओ पाठवी. पाणी प्यायले म्हणजे पिसाळलेले नाही, अशी घरची समजूत.

एका सकाळच्या व्हिडिओत कुत्रे मन लावून पाणी पीत होते. मागे, ओट्याच्या कडेला, भर उन्हात भाऊ गोधडी पांघरून बसला होता. एप्रिलमध्ये आमच्याकडे माणसे पहाटेही चादर घेत नाहीत. मी व्हिडिओ पुन्हा लावला. त्याचे गुडघे थरथरत होते.

फोन केला. भावजय म्हणाली, रात्रीपासून कणकण आहे, उलटीही झाली, ऊन लागले असेल. आबांनी फोन घेऊन कुत्रे ठणठणीत असल्याचे कळवले. मग भाऊ बोलला. जीभ जड झाली होती.

“दादा, कुत्रं बरं शे. मंग माले काय व्हई?”

“कुत्र्याचं सोड. तुला पानथरी नाही. गोळी घे आणि जळगावला निघ.”

“तुले बी त्यास्नी गिऱ्हाईक करी टाकं का?”

मी फोन भावजयीला द्यायला सांगितला आणि तिला त्याचे पाय बघायला लावले. तिने गोधडी बाजूला सारल्याचा आवाज आला.

“पाय गार शेतस,” ती म्हणाली. “आणि जांभळे डाग.”

गोळी देऊन त्यांनी गाडी काढली. मी धुळ्याहून निघालो. मी जळगावला पोहोचलो तेव्हा तो अतिदक्षता विभागात होता. भावजयीकडून कळले, की दारातच, कोणी विचारायच्या आत, आबांनी डॉक्टरांना सांगितले, याची पानथरी काढलेली आहे. निरोगी कुत्र्याच्या लाळेतही काही जंतू असतात, बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही, याच्यासारख्यांना होतो, असे डॉक्टर म्हणाले.

भाऊ वाचला. डाव्या पायाची दोन बोटे काळी पडली, ती काढावी लागली. कुत्र्याचे दहा दिवस कधी संपले, हे घरात कोणाच्याच लक्षात आले नाही.

आबांची खुर्ची अजून निंबाखालीच असते, तोंड मात्र ओट्याकडे. भाऊ उन्हात जरा जास्त वेळ बसला, की अंग गरम आहे का, असे ते विचारतात. तो नाही म्हणाला, तरी उठतात आणि कपाळाला हात लावून पाहतात.