कोटाचा चोरखिसा

बाळाजी पेडणेकर हा बहरीनच्या मनामा शहरातला सर्वांत खोटारडा शिंपी, हे मी बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. कपडा तयार असला तरी "उद्या या" म्हणणार. बायको वारलेली, मुलगी कॅनडात. बाब अल बहरीनच्या कमानीमागच्या गल्लीत दिवसभर मशीनशी काय बोलणार? म्हणून गिऱ्हाइकाला खेपा घालायला लावायचा.

बिल्किस ही बोस्नियाची नर्स. नोकरी संपवून कायमची घरी निघालेली, म्हणून लोकरी कोट शिवायला टाकला. "आत एक चोरखिसा ठेवतो," बाळाजी म्हणाला. खिसा ऐकून ती थबकली. त्यांच्याकडे पिशवीला 'केसा' म्हणतात! दोन दिवसांनी तिनं शब्दाचं अख्खं कूळच शोधून आणलं. अरबी 'कीस', फारसीत 'कीसा'. तुर्कांबरोबर तो तिच्या गावी पोचला आणि फारसीतून आपल्याकडे येऊन खिसा झाला. इथल्या बाजारात पिशवीला 'चीस' म्हणतात, तोही त्याच घरातला.

"खिशाला बघा कुठं कुठं नातेवाईक निघाले," बाळाजी मला म्हणाला. "इथं आमची पाटी कोरीच." हसत म्हणाला, पण मला वाईट वाटलं.

कोट लवकरच झाला. बिल्किसला मात्र रोज "उद्या या." ती यायची, स्टुलावर बसून चहा प्यायची, एखादा नवा शब्द सांगायची. दुकानाला त्यांच्याकडे 'दुचान' म्हणतात हे ऐकून बाळाजी दिवसभर खुशीत होता. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी फारुख आला. तिच्या हॉस्पिटलचा ड्रायव्हर, आमच्या खेडचाच. मीही तिथं माझ्या पँटसाठी बसलो होतो.

"मॅडम सकाळीच गेली रे. ऑफिसनं तिकिटाची तारीख अलीकडं आणली. तिची मैत्रीण संध्याकाळी निघतेय, कोट झाला असेल तर तिच्याकडं देतो. नसेल तर खलास. 'बाळाजीला घाई करू नको' म्हणाली."

बाळाजी उठला. रिकामा खिसा गिऱ्हाइकाला देऊ नये, हा त्याच्या वडिलांचा नियम. चोरखिशात तांदळाचे चार दाणे टाकून त्यानं कोट पुढं केला.

"आत्ताच घेऊन जा."

"तयारच होता?"

"अकरा दिवस."

"मग दिला का नाहीस?"

"दिला असता तर ती आली असती काय?"

फारुख कोट घेऊन गेला. बाळाजी माझी पँट पिशवीत घालू लागला.

"राहू दे," मी म्हटलं. "उद्या येतो."