गोळीच्या साच्यातला उजेड

मोदकाचा सोडला तर दुसरा कुठला साचा विकत घ्यायचं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. पण जर्मनीत रेगेन्सबर्गला आमच्या शेजारचे आजोबा ठासणीच्या बंदुकीने नेमबाजी करायचे आणि तिच्या शिशाच्या गोळ्या बागेतल्या शेडमध्ये, दार सताड उघडं ठेवून, स्वतः ओतायचे. मला नसत्या चौकशा करायची खोडच आहे. शिसं साच्याला चिकटत कसं नाही, गोळी इतकी गोल कशी निघते, असं विचारून मी त्यांना भंडावून सोडलं होतं. शेवटी जुन्या हत्यारांच्या बाजारात नवा साचा घ्यायला निघाले, तेव्हा ते मलाही घेऊन गेले.

गाडी अर्थातच त्यांनी चालवली. माझ्या नव्याकोऱ्या जर्मन लायसन्सवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांची मुलगी मागे लागली होती, डोळे तपासा नाहीतर गाडी बंद करा. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "मला पन्नास मीटरवरचं टार्गेट दिसतं, समोरचा ट्रक दिसणार नाही?" बायको गेल्यापासून गाडी आणि नेमबाजीचा क्लब, एवढ्यावरच त्यांचं चाललं होतं.

बाजारात टेबलांवर साचेच साचे. मी एकेक उचलून पाहत सुटलो. ॲल्युमिनियमचा हलका, पटकन तापतो, पण आदळला की कडा जातात. लोखंडी जड, गंजतोही, पण जपला तर नातवंडांना पुरतो. वरची पट्टी सरकवली की गोळीवरचं जास्तीचं शिसं कापलं जातं, ती सैल असून चालत नाही.

"आणि खरी परीक्षा ही," म्हणत आजोबांनी एक लोखंडी साचा मिटून खिडकीसमोर धरला. "दोन भागांच्या मधून उजेड दिसला, तर शिसं तिथे शिरतं."

आमच्या मोदकांना कडेने झालर का येते, ते मला तिथे कळलं.

"आल्झो, तर मग हा घट्ट आहे. बघ." त्यांनी साचा माझ्या हातात दिला.

मी पाहिलं. मधोमध उजेडाची रेघ होती, चांगली जाड, आरपार.

नुसतं हो म्हटलं असतं, तर फार तर एक साचा वाया गेला असता. पण याच डोळ्यांनी ते आम्हाला ऑटोबानच्या भरधाव रहदारीतून घरी नेणार होते, आणि उद्या एकटेही निघणार होते. खरं सांगितलं तर त्यांच्याकडे उरलेलं सगळंच जाणार होतं. मला फार वाईट वाटलं.

"मला उजेड दिसतोय," मी म्हणालो. "बराच."

त्यांनी चष्मा पुसला, साचा पुन्हा धरला. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. "गेनाऊ, बरोबर," ते हळूच म्हणाले, आणि साचा खाली ठेवला. पुढचा उचलला तो स्वतः न बघताच माझ्याकडे दिला. तिसऱ्यात उजेड नव्हता, तो आम्ही घेतला.

पार्किंगमध्ये ते सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेले. तिथे थोडा वेळ थांबले. मग वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"दुसरा गिअर जरा अडतो," ते म्हणाले.