नाक्यापलीकडचे खडक

कुठल्याही घरात गेल्या की बाई आधी भिंतीवरून हात फिरवत. चपला काढायच्या आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत उजवा तळवा भिंतीवर. सौदीतल्या अल-खोबरमधल्या फ्लॅटांच्या भिंती सगळ्या सारख्याच, गुळगुळीत आणि पिवळट. हात फिरवून झाला की बाई जरा नाराज व्हायच्या आणि मग म्हणायच्या, "बरं, कशी आहेस?"

मला आधी वाटलं, धूळ तपासतात. लग्न होऊन मी नुकतीच तिथे आले होते. वरच्या मजल्यावरची पन्नाशीला टेकलेली शेजारीण येऊन भिंत चाचपते म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी सगळ्या भिंती ओल्या फडक्याने पुसून काढल्या. बाई पुन्हा आल्या, हात फिरवला, म्हणाल्या, "आणखीच गुळगुळीत झाली गं."

बाई नाशिकच्या. तिथल्या एका शाळेत खेळ शिकवायच्या, आणि त्र्यंबकच्या बाजूच्या कातळांवर दोर लावून चढण्यात त्यांचं तरुणपण गेलं होतं. नवरा पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात इंजिनिअर, त्याच्यामागून त्या खोबरला आल्या. तिथली सगळी मराठी माणसं त्यांना बाईच म्हणत. त्यांच्या नवऱ्याला मी भाऊजी म्हणायची. भाऊजींना उंचीची भीती होती. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे तेही भिंतीला पाठ लावून. अशा दोघांचं लग्न कसं जमलं, असं तुमच्यासारखंच माझ्याही मनात यायचं. एकदा विचारलं तर बाई म्हणाल्या, "पत्रिका जमली."

रियाधला जाताना त्यांना गाडीतून ते खडक दिसले होते. हमरस्ता सोडून वाळूतल्या चाकोरीने बराच वेळ आत जावं लागे. सपाट माळावर पाच-सहा मोठे खडक, सगळ्यात उंच असेल चार मजली. झाड नाही, पाणी नाही, बघायला म्हणून कोणी यावं असं काही नाही. बाईंनी भाऊजींना गाडी थांबवायला लावली, खाली उतरल्या आणि तासाभराने परत आल्या. भाऊजींच्या म्हणण्याप्रमाणे, लग्नानंतर त्या इतक्या खूश पहिल्यांदाच दिसल्या.

मग दर शुक्रवारी आम्ही चौघं तिथे जाऊ लागलो. बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती, त्यामुळे पुढे भाऊजी आणि आमचे हे, मागे बाई आणि मी. खडकांपाशी पोचलो की बाई अंगावरची काळी, पायघोळ अबाया काढायच्या, नीट घडी करायच्या आणि वर दगड ठेवायच्या. भाऊजी सावलीत स्टोव्ह पेटवून चहा ठेवायचे आणि खडकाकडे पाठ करून बसायचे. चहा होईपर्यंत बाई वर असायच्या.

मलाही त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी मी पुरुषभर उंचीवर अडकले आणि ओरडले, "बाई, जमत नाहीये!"

"आधी पाय, मग तोंड," बाई खालून म्हणाल्या.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जमत नाही म्हणायचं असेल तर आधी पाय कुठेतरी ठेवा, मग म्हणा. आणि गंमत अशी की पाय ठेवल्यावर म्हणायची गरज उरत नसे. महिन्या-दोन महिन्यांनी मी पहिल्यांदा माथ्यावर पोचले. चहूकडे नुसता माळ. आठवडाभर मी फ्लॅटमध्ये असायची. हे कामावरून येईपर्यंत दुसऱ्या माणसाचा आवाजही कानावर पडत नसे. तिथे वर बसून मी मोठ्याने एक गाणं म्हटलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "उतरणं जास्त अवघड असतं."

त्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. कुवेतहून पळून आलेल्यांच्या, टपावर गाद्या बांधलेल्या गाड्या खोबरच्या रस्त्यांवर दिसू लागल्या. मग अमेरिकन सैनिक आले, रणगाडे आले, आणि एका शुक्रवारी आमच्या चाकोरीच्या तोंडाशी वाळूचा बांध, एक आडवा दांडा आणि तंबू दिसला. तंबूबाहेर एक सौदी सार्जंट बसला होता. दात दुखत असल्यासारखा गालाला हात लावून.

"ममनूअ," तो म्हणाला. म्हणजे मनाई आहे.

खडकांच्या आडोशाला दारूगोळा ठेवला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. बाईंनी त्या दिवशी फक्त विचारलं, "किती दिवस?" आमच्या ह्यांनी साइटवर शिकलेल्या अरबीत ते सार्जंटला विचारलं. त्याने आभाळाकडे बोट दाखवलं. ते देवाला विचारा म्हणून होतं की विमानांना, कळलं नाही.

बरीच कुटुंबं भारतात परत गेली. ह्यांना रजा नव्हती आणि ह्यांना सोडून मला जायचं नव्हतं. बाईंनाही घरून फोन आले. "इथे कोणीतरी हवं ना," एवढंच त्या म्हणत. कशासाठी हवं, ते सांगत नसत.

जानेवारीत क्षेपणास्त्रं पडायला लागली. भोंगा वाजला की आम्ही चौघं आमच्या आतल्या खोलीत जमायचो. खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराच्या फटीला ओला टॉवेल. भाऊजी टेबलाखाली रेडिओ घेऊन. आणि बाई दाराच्या चौकटीला बोटांनी लोंबकळत. तोंडावर गॅस मास्क. "बोटं पकड विसरतात," आतून त्यांचा घुमलेला आवाज यायचा. "तूही ये." मीही लोंबकळायची. बाहेर युद्ध चाललं होतं आणि आत दोन बायका मास्क लावून आळीपाळीने चौकटीला लटकत होत्या. भाऊजी टेबलाखालून म्हणायचे, "चौकट भाड्याची आहे."

एका संध्याकाळी फार जवळ धमाका झाला. सगळी इमारत हलली. बाई खाली उतरल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. मास्क काढून त्यांनी माझा हात धरला.  मला वाटलं, आता नाशिकचं काही बोलतील, मुलीचं काही बोलतील. मुलगी तिकडे कॉलेजात होती.

"खडक असतील ना गं जागेवर?" त्या म्हणाल्या.

युद्ध संपलं. भोंगे थांबले, चिकटपट्ट्या खरवडून काढल्या, गेलेली कुटुंबं परत आली. पण नाक्याला हे कोणी कळवलं नव्हतं. दारूगोळा गेला, अमेरिकन गेले, तरी दांडा, तंबू आणि गालाला हात लावलेला सार्जंट तिथेच.

"ममनूअ."

परवानगीचा कागद आणा, म्हणाला. बायकांना लष्करी कार्यालयात प्रवेश नव्हता, म्हणून भाऊजी आणि हे गेले. तिथल्या अधिकाऱ्याने कहवा पाजला, खजूर दिले, इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, पाहिले आणि नकाशा उघडला. नकाशात ते खडक नव्हते. तेव्हा त्याने अतिशय अदबीने सांगितलं, की अशी जागाच नाही, आणि नसलेल्या जागेला परवानगी लागत नाही. भाऊजींनी हे सार्जंटला सांगितलं. त्याने विचार केला आणि म्हणाला, जागा नसेल तर मग जायचं कुठे आहे?

दुसरा कोणी असता तर नाद सोडला असता. आम्ही तर सोडलाच होता. पण बाईंचा शुक्रवार ठरलेला. त्या दर शुक्रवारी आम्हाला नाक्यापर्यंत नेत. भाऊजी तिथेच स्टोव्ह पेटवत, सार्जंटला चहा देत, आणि बाई गाडीत बसून लांबून खडकांकडे बघत. कुवेतमधल्या जळत्या तेलविहिरींचा धूर आभाळात होता. दुपारीसुद्धा मळकट उजेड. तंबूतला स्वयंपाकी, एक चांगला जाडजूड माणूस, ह्यांना एकदा म्हणाला, "बाईला तिथे काय दिसतं?"

"चढायचं असतं तिला," हे म्हणाले.

"चढून काय दिसतं?"

 ह्यांनी नुसतं "छान दिसतं" म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पोचलो तर नाक्यावर कोणीच नव्हतं. दांडा आडवा होता. लांबून सार्जंट धावत येताना दिसला. पहिल्यांदाच त्याचा हात गालावर नव्हता. स्वयंपाकी सकाळी वर काय दिसतं ते बघायला गेला होता. मधल्या एका कंगोऱ्यापर्यंत चढला आणि आता त्याला वरही जाता येईना, खालीही येता येईना. मदत बोलवावी तर नाका सोडून तिथे काय करत होता, हे सांगावं लागलं असतं.

"यल्ला!" सार्जंट ओरडला. दांडा वर झाला.

स्वयंपाकी तीन मजले उंचीवर खडकाला चिकटून बसला होता आणि मोठ्याने प्रार्थना म्हणत होता. बाईंनी एकदा पाहिलं आणि गाडीच्या डिकीतून दोन दोर काढले. दर आठवड्याला ते डिकीत असायचे, हे मला तेव्हा कळलं. मागच्या सोप्या बाजूने वर जाऊन दोर धरायचा, कोणीतरी खालून कंगोऱ्यापर्यंत चढून दुसरा दोर त्याला बांधायचा, आणि मग त्याला वरून अलगद खाली सोडायचं, असं त्यांनी सांगितलं. परक्या पुरुषाला दोर बांधणं बाईंना शक्यच नव्हतं. "मी जातो," हे म्हणाले.

सार्जंटने नकारार्थी मान हलवली. बाई वर असणार. एक परका पुरुष आधीच वर आहे, आणखी एक परका पाठवून कसं चालेल? तिचा नवरा कुठे आहे?

सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी स्टोव्हला पंप मारत होते.

त्यांनी पंप खाली ठेवला. उभे राहिले. बाई त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांच्या कमरेला दोर बांधू लागल्या. गाठ दोनदा तपासली, दुसऱ्या दोराचं टोक त्यांच्या खांद्यावर टाकलं. "नको असेल तर नको म्हणा," त्या हळू म्हणाल्या. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"दोर धरशील ना?" भाऊजींनी विचारलं.

"धरेन."

बाईंनी अबाया कमरेशी खोचली, दोन्ही दोरांची मोकळी टोकं घेतली आणि आम्ही दोघी मागून वर गेलो. दोरांचे मोठ्या दगडाभोवती वेढे दिले. मी कडेवर पालथी पडून खाली पाहिलं. भाऊजींचं टक्कल दिसत होतं. ते हललं.

"डावा पाय खाचेत," बाई म्हणाल्या. "नाही, दुसरा डावा."

"अगं, मला जरा बोलायचं..."

"आधी पाय, मग तोंड."

 खडकावर धुराची काजळी बसली होती. भाऊजी जिथे जिथे हात ठेवत तिथे काजळी पुसून बोटांचे उजळ ठसे उठत होते. एकदा त्यांचा पाय निसटला. दोर ताणला गेला, आमचे हात भाजले. भाऊजींनी डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि पाय परत ठेवला. कंगोऱ्यावर पोचल्यावर ते स्वयंपाक्याशेजारी बसले आणि म्हणाले, "अस्सलाम अलैकुम." स्वयंपाक्याने रीतसर उत्तर दिलं आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागला.

मी बाईंकडे पाहिलं. दोर दोन्ही हातांत घट्ट, नजर समोर.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "पाय नीट ठेवतात." आणि मग दोघेही खाली सुखरूप पोचेपर्यंत त्या हात-हातभर दोर सोडत राहिल्या.

खाली स्टोव्ह विझला होता. भाऊजींनी तो पुन्हा पेटवला, पण सार्जंटने त्यांना बसवलं आणि चहा स्वतः केला. स्वयंपाक्याला बाईंनी ह्यांच्याकरवी विचारलं, काय दिसलं वर? तो म्हणाला, मी डोळे मिटलेले होते.

पुढच्या शुक्रवारी सार्जंट पुन्हा गालाला हात लावून बसला होता. गाडी जवळ आली तसा उठला.

"ममनूअ," तो म्हणाला, आणि दांडा वर केला.

त्यानंतर दर शुक्रवारी असंच. आधी मनाई, मग दांडा. बाईंनी पहिल्याच दिवशी अबायाची घडी करून वर दगड ठेवला आणि दोर न घेता चढून गेल्या. त्या दिवशी त्या इतका वेळ वर बसून राहिल्या की आम्ही जेवण उरकलं.

पुढच्या वर्षी भाऊजींचा करार संपला आणि ती दोघं नाशिकला गेली. बाई नंतर बरीच वर्षं तिथे मुलींना चढायला शिकवत होत्या, असं ऐकलं. गेल्या पावसाळ्यात त्या वारल्या. मुलीचा फोन आला होता.

मला मात्र आठवतो तो ती दोघं गेल्यानंतरचा पहिला शुक्रवार. मी आणि हे दोघंच गेलो. सार्जंट उठला, त्याने वाकून मागच्या सीटवर पाहिलं.

"हुर्मा कुठे?" म्हणजे बाई कुठे.

"हिंद," मी म्हटलं. "खलास."

त्या दिवशी तो ममनूअ म्हणाला नाही. त्याने दांडा वर केला, आम्ही पुढे गेलो. बऱ्याच अंतरावरून मी मागे वळून पाहिलं. मागे रस्ता रिकामा होता, आणि तो अजून दांडा वर धरूनच उभा होता.