नासकं दूधही पास करणारी चाचणी

मंडळी, आज सकाळी आमच्या बावधनच्या सोसायटीत एक विक्रेता दुधातले जंतू झटपट ओळखणारी पट्टी घेऊन आला. मी म्हटलं, "आधी नासक्या दुधावर करून दाखव." तो "नंतर येतो" म्हणून सटकला. शेजारीण म्हणाली, "काकू, किती संशय घेता!"

त्याला कारण आहे.

ऐंशीच्या दशकात मी घोटावड्याच्या दूध केंद्रात दूध तपासायचे. काचेच्या नळीतल्या दुधात निळं औषध टाकायचं. जंतू जास्त असले की रंग लवकर उडायचा आणि ते दूध नापास व्हायचं.

एकदा एका एजंटाने नवं, झटपट औषध दिलं. भर उन्हाळ्यात सगळ्यांचं दूध पास! मला खटकलं. मी मुद्दाम आंबूस वासाचं शिळं दूध घेतलं. जुन्या औषधाचा रंग बघता बघता उडाला, नव्याचा तसाच निळा.

केंद्राच्या चेअरमनना सांगितलं, तर ते वैतागले. "लोकं खूश हायेत, तुमाला काय तरास हाय?"

"हे दूध बालवाडीतल्या पोरांना जातं," म्हणत मी त्या शिळ्या दुधाची नळी त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी नवं औषध बंद झालं.

तुम्ही कधी विचारलंय का, की ही चाचणी 'नापास' कधी म्हणते?