फौजदारांनी मावशीला धरलं नाही

माझ्या मावशीचे यजमान नाशकात वकिली करत. मी त्यांना काका म्हणायची. ट्रेनिंग कॉलेजात शिकायला म्हणून मी त्यांच्याकडे राहिले होते. तीस सालानंतरच्या त्या वर्षांत व्याख्यानांना ऊत आला होता, आणि काकांनीही आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवात एक ठोकलं : ‘स्त्रिया गुन्हे का करत नाहीत?’ त्यांचं उत्तर असं, की बाईचं काळीज लोण्याचं, तिच्या हातून पाप घडतच नाही. टाळ्या पुरुषांनी वाजवल्या. मावशी माझ्या कानाशी म्हणाली, “पाप करायला आधी घराबाहेर तर पडायला मिळालं पाहिजे!”

त्याच वर्षीच्या दिवाळीत तांबट आळीतल्या भांड्यांच्या एका व्यापाऱ्यानं घरी पत्त्यांचा डाव मांडला. खाली पुरुष, माडीवर आम्ही बायका. दोन्हीकडे तीन पानी, दोन्हीकडे पैसे लावून. फरक एवढाच, की आमच्या मध्ये हळदीकुंकवाचं तबक होतं आणि मावशी पुरुषांपेक्षा बेधडक खेळायची. त्या दिवशी मी सपाटून हरत होते.

दुपारी धाड पडली. खाली आरडाओरडा झाला, आणि फौजदार दोन शिपायांसह जिना चढून वर आले. मावशीच्या हातात पत्ते, समोर चांदीच्या नाण्यांचा ढीग. फौजदारांनी सगळं पाहिलं, टोपी काढली आणि म्हणाले, “माफ करा हं, आम्हाला ठाऊक नव्हतं. चालू द्या तुमचं हळदीकुंकू.” आणि पाय न वाजवता खाली उतरले. खालच्या सगळ्यांना त्यांनी चौकीवर नेलं. त्यांत काकाही होते.

मावशी पेटली. नवऱ्याला नेलं म्हणून नव्हे, तिला नेलं नाही म्हणून. “म्हणजे आम्ही खेळलो ते खेळणंच नाही?” घरी येऊन तिनं काकांसाठी डबा भरला आणि मला घेऊन चौकी गाठली.

फौजदारांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

“वहिनी, तुम्ही कशाला आलात? सोडतो वकीलसाहेबांना संध्याकाळपर्यंत.”

“मीही खेळत होते. माझं नाव लिहा.”

“थट्टा करता काय गरिबाची!” ते हसायला लागले. “बायकांना जुगारात धरलं असं लिहिलं, तर वरचे साहेब मलाच वेड्यात काढतील.”

“मग ही कोण?” मावशीनं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे फरशीवर एक बाई उकिडवी बसली होती. पेठकडच्या डोंगरातली, लाकडाची मोळी विकायला शहरात आलेली. मोळीच्या आत मोहाच्या दारूचं गाडगं सापडलं होतं. तिला खुर्ची नव्हती, चहा नव्हता.

“तिचं निराळं, वहिनी. ती रस्त्यावरची.”

मावशीनं आपला कप उचलला आणि त्या बाईपुढे नेऊन ठेवला. “कशाला गं हा धंदा करतेस?”

“घरात बसून पोट नाय भरत, बाई,” ती म्हणाली आणि चहा एका घोटात संपवला. फौजदारांनी तोंड फिरवलं. काकांचा डबा शिपायाच्या हाती देऊन मावशी मला घेऊन घरी आली.

काका किरकोळ दंड भरून सुटले. रात्री पाट मांडल्यावर मावशी म्हणाली, “अहो, त्या मोळीवालीचा खटला तुम्ही चालवायचा. फुकट.”

“दारूवालीचा? लोक काय म्हणतील?”

“जुगारी वकिलाला लोक जे म्हणतात तेच.”

काका दोन दिवसांनी कोर्टात उभे राहिले. मी आणि मावशी मागच्या बाकावर होतो. काकांनी व्याख्यानातलं लोणी इथेही काढलं : स्त्रीजात आहे, हळव्या मनाची आहे, दया दाखवावी. मॅजिस्ट्रेटनी त्या बाईचे भेगाळलेले पाय पाहिले, गुडघ्यांच्या वर खोचून नेसलेलं आखूड लुगडं पाहिलं, आणि विचारलं, “हळवी? ही?” कोर्टात हशा पिकला. दंड, नाहीतर कैद, असा निकाल झाला. दंड भरायला तिच्याकडे काही नव्हतं. काका खिशाकडे हात नेईपर्यंत तिनंच सांगून टाकलं, “जेलात जाते मी.” आणि ती शिपायापुढे चालायला लागली.

त्या रात्री काका मावशीला म्हणाले, “माझं चुकलं असावं कुठेतरी.”

“कुठेतरी नाही,” मावशी म्हणाली, “व्याख्यानाच्या पहिल्या वाक्यापासून. आम्हाला चार भिंतींत ठेवलंत, वर बापाचा, नवऱ्याचा, सासूचा पहारा. दिवसभर चूल. बाहेर पडलं की कुणीतरी सोबत. आता आम्ही दरोडा घालायचा कधी, भाजी फोडणीला टाकून? आणि इतकं करून एखादीनं काही केलंच, तर तुमचा फौजदार टोपी काढतो. ते काळजाचं सांगू नका मला.”

थंडी ओसरत होती तेव्हा ती मोळीवाली आमच्या मागच्या दारी आली. मावशीनं तिला भाकरी वाढली आणि अगदी माहेरवाशिणीला विचारावं तसं विचारलं, “कसं होतं गं जेलात?”

“दोन वेळचं आयतं होतं. पण दिसभर दळायला लावलं.”

“म्हणजे घरच्यासारखंच!” मावशी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की काका चष्मा कपाळावर चढवून ओटीवरून आत डोकावले. काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नाही. मग त्या दोघी जात्याचा खुंटा तळव्याला कसा लागतो, यावर बराच वेळ बोलत बसल्या.