रखमाकाकूची पेटी परळला नेली तेव्हा

मेढ्याहून एस.टी. सुटली तेव्हा माझ्या मांडीवर मधमाश्यांची जिवंत पेटी होती आणि शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. मला ऐसपैस जागा मिळाली. पेटी माझी नव्हे, रखमाकाकूची. आमच्या गावात सहा घरं मधपाळांची, त्यांत काकूचं मोहोळ सगळ्यांत भरलेलं. सातेरी (आमच्या डोंगरातली लहान, काळसर माशी) तिच्या हातावर फिरायची, पण कधी डसायची नाही. माझी मोहोळं त्या वर्षी दुबळी होती, म्हणून तिनं आपली पेटी दिली. निघताना पेटीवर हात फिरवला आणि घरात गेली.

बोलावणं परळच्या भाऊसाहेबांचं होतं. जुनं घराणं, वसईला भाजीचे मळे. काकडीला आणि लाल भोपळ्याला फुलं यायची आणि गळून जायची. माशीच फिरकली नाही तर फळ धरणार कसं? बंगल्यामागच्या परसात एक पेटी ठेवून बघू, गुण आला तर पावसाळ्यात सहाही घरांच्या पेट्या वसईला ठेवून घेऊ, असं त्यांनी कळवलं होतं. डोंगरात पावसाळ्यात फुलोरा नसतो, मोहोळं उपाशी मरतात. वसईला ती जगली असती.

दादरला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. ट्रामच्या कंडक्टरनं पेटीत काय आहे विचारलं, मी खरं सांगितलं, आणि त्यानं घंटी मारून ट्राम सोडली. खरं बोलायची खोड! मग पेटी खांद्यावर घेऊन परळपर्यंत पायपीट केली. भिंत न् भिंत ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’नं रंगली होती. वर गिरण्यांच्या चिमण्या. एवढ्या वाटेत माशीनं बसावं असं एक फूल दिसलं नाही.

भाऊसाहेबांच्या वहिनींनी परसातला भोपळ्याचा ठेंगणा मांडव दाखवला. रोज सकाळी त्या भोपळ्याचं नरफूल खुडून मादीफुलाला हातानं लावत. पोक काढून काढून पाठ गेली म्हणाल्या. मी पेटी भिंतीच्या सावलीला ठेवली. दाराला जाळी होती, ती संध्याकाळी काढायची होती. उन्हात काढली तर नव्या जागी माश्या भरकटतात. वहिनींना म्हटलं, जरा लक्ष ठेवा.

जेवायला कोलंबीची खिचडी होती. आम्हा घाटावरच्यांना ती नवी, तरी दोनदा मागून घेतली. भाऊसाहेबांचा पुतण्या वसंता सरकारी कचेरीत कारकून. त्यानं कुठंसं वाचलं होतं की इटालियन माशी दुप्पट मध देते. मी म्हटलं, आमची माशी आमच्या फुलांना ओळखते. त्यावर भाऊसाहेब खूश झाले, मराठी माणूस आणि मराठी माती यांवर पाऊण तास बोलले. मग वसंता म्हणाला, शिवाजी पार्कवर सभा आहे, येता का?

गेलो. माणूस माणसाला चिकटून उभा होता. तासाभरात परतायचं ठरवलं होतं. गर्दीतून निघता येईना असं पुढं गावात सांगितलं, ते खोटं. निघता आलं असतं. पण ऊर भरून आला होता, घोषणा देऊन घसा बसला होता, आणि पेटी मी साफ विसरलो होतो.

परतलो तेव्हा दिवस मावळत होता. पेटी गप्प होती. भरलेलं मोहोळ कधी गप्प नसतं. वर दोन गोधड्या होत्या, जाळीत चिंध्या कोंबलेल्या. झाकण उघडलं तर मेण वितळून पोळी खाली बसलेली, आणि मधात माश्यांचा लगदा. एकही हलत नव्हती.

वहिनी घाबऱ्याघुबऱ्या आल्या. “अहो, तुम्ही गेलात आणि तिथवर ऊन आलं, तशा त्या खवळल्या. दुपारभर नुसता घोंघाट. घरात शिरतील म्हणून दार बुजवलं, गोधडी टाकली. तरी गप्प बसेनात, मग दुसरी टाकली.”

त्या खवळल्या नव्हत्या. उकडायला लागलं की माश्या दारात ओळीनं उभ्या राहून पंखांनी वारा घालतात, त्याचा तो आवाज. हे मी जाण्याआधी सांगायला हवं होतं. वहिनी रडल्या, त्यांच्यावर रागावता येईना.

भाऊसाहेब मात्र डोकावून म्हणाले, “नाजूकच हो शिंदे तुमची गावठी माशी. वसंता म्हणतो तसं इटालियनच मागवू.”

दुपारी याच तोंडानं मराठी मातीवर बोलत होते! तळपायाची आग मस्तकात गेली. पण खाल्ल्या मिठाला जागून पेटीचं झाकण लावलं. वसईचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी रिकामी पेटी घेऊन गावी आलो. सभेत महाराष्ट्र आपला, मुंबई आपली म्हणून ओरडणारा मी, आमची एवढीशी माशी एका दुपारी सांभाळू शकलो नाही. बाकीच्या चार घरांना सांगितलं की वसईचं बारगळलं. काकूकडं शेवटी गेलो. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुठलीही सबब पुढं न करता सांगितलं.

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग वर न बघता म्हणाली,

“दुपारभर वरडत हुत्या म्हंतोस. आन् तवा तू कुटं हुतास रं?”

“सभेत,” मी म्हणालो. “मीही ओरडत होतो, काकू.”