बिनविरोध खासदाराची शून्य मतं

डेमो चालू होता आणि मिस्टर डॉयल यांचं बोट स्क्रीनवर एकाच जागी थांबलं होतं. तिथे त्यांच्या खापरपणजोबांचं नाव होतं आणि नावापुढे मतं शून्य.

"कोणीच मत दिलं नाही, तर ते निवडून कसे आले?" त्यांनी विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. पण प्रदर्शनाचे मुख्य देणगीदार तेच होते, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

मी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या डब्लिनमध्ये डेटा इंजिनिअर आहे. आमची छोटी कंपनी म्युझियमसाठी टचस्क्रीन बनवते. हा प्रोजेक्ट एका आयरिश हेरिटेज सेंटरचा होता. आयर्लंडवर ब्रिटिशांचं राज्य होतं तेव्हा तिथलं एक छोटं गाव लंडनच्या पार्लमेंटमध्ये स्वतःचा खासदार पाठवायचं. पुढे तो मतदारसंघच रद्द झाला. त्याच्या सगळ्या निवडणुका बोट सरकवून बघता याव्यात, एवढंच काम होतं. त्यासाठीचा डेटा हेरिटेज सेंटरच्या इतिहासकार बाईंनी दिला होता.

शून्याचं कारण मला लगेच कळलं. डेटाबेसमधल्या रिकाम्या जागेला आम्ही 'नल' म्हणतो. नल म्हणजे शून्य नव्हे. दुकानात साखर संपली असेल तर साखर शून्य. दुकानच बंद असेल तर नल, आत काय आहे ते माहीत नाही. खापरपणजोबांच्या सुरुवातीच्या निवडणुकांना ते एकटेच उमेदवार उभे होते, म्हणून मतदान झालंच नव्हतं. ग्राफ काढणाऱ्या प्रोग्रॅमने नल दिसल्यावर शून्य छापलं.

मिस्टर डॉयल गेल्यावर माझा बॉस ग्रेग म्हणाला, त्या सगळ्या निवडणुकांना शंभर टक्के भरून टाक. मी म्हटलं, शंभर टक्के कशाचे? मतदान कुठे झालंय?

"समोर कोणी नव्हतं, म्हणजे सगळे त्यांच्याच बाजूने," ग्रेग म्हणाला. "ओपनिंग जवळ आलंय. त्यांना ग्राफवर उंच बार बघायचाय, तो दाखव."

आमच्या भंडारा जिल्ह्यात माझा मामा बिनविरोध सरपंच झाला होता. शनिवारी आईला फोन केला तेव्हा सहज विचारलं, मामाला सगळं गाव मानायचं का गं? आई हसली. म्हणाली, "कशाचं मानतात? दोघंजण उभे राहणार होते, त्यांना बसवलं. गावाला विचारलं कोणी?"

सोमवारी मी पुढच्या निवडणुकांचा डेटा आणि त्यासोबतच्या इतिहासकार बाईंच्या नोंदी नीट वाचल्या. खापरपणजोबा वकील होते आणि तिथल्या मोठ्या जमीनदाराच्या मर्जीतले होते. तोवर त्यांच्यासमोर उभं राहायची कोणाची टाप नव्हती. मग कुळांच्या हक्कांवरून त्यांचं जमीनदाराशी बिनसलं. जमीनदाराने आपला पुतण्या उभा केला. पहिल्यांदाच मतदान झालं आणि खापरपणजोबा सपशेल हरले. त्यानंतरच्या निवडणुका पुन्हा बिनविरोध, फक्त खासदार आता पुतण्या. शेवटी मतदारसंघ शेजारच्या काउंटीत विलीन झाला.

अडचण अशी की मिस्टर डॉयल डेमोत सारखे सांगत होते, आमच्या खापरपणजोबांना कधी कोणी हरवूच शकलं नाही.

मी ग्रेगला म्हटलं, मला त्यांच्याशी एकदा बोलू दे. तो म्हणाला, बोल, पण त्यांनी देणगी मागे घेतली तर जबाबदारी तुझी. माझं ग्रीन कार्डचं काम याच कंपनीतून चालू होतं. त्यामुळे ते वाक्य मला जरा जास्तच मोठ्याने ऐकू आलं.

मी सेंटरपर्यंत ड्राइव्ह करून गेले. मिस्टर डॉयल एकटेच आले होते. मी त्यांना नल समजावला, मामाचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्यांच्या बाजूने खरंच किती लोक होते?"

"या निवडणुकांचं कोणालाच माहीत नाही. माहीत आहे ते एकाच निवडणुकीचं."

"कुठल्या?"

"ते हरले त्या."

त्यांनी हे कधीच ऐकलं नव्हतं. मी स्क्रीन पुढे सरकवला. पुतण्याचा उंच बार आणि शेजारी खापरपणजोबांचा बुटका. त्या काळी गुप्त मतदान नव्हतं, मी सांगितलं. मतदाराने सगळ्यांसमोर उभं राहून उमेदवाराचं नाव मोठ्याने घ्यायचं. बाजूला जमीनदाराचा कारभारी उभा, आणि गावातली बरीच घरं जमीनदाराच्याच मालकीची.

त्यांनी बुटक्या बारवर बोट ठेवलं.

"म्हणजे एवढ्या लोकांनी त्या कारभाऱ्याच्या तोंडावर आमच्या माणसाचं नाव घेतलं?"

"हो."

"त्यांचं पुढे काय झालं?"

"काहींना घराबाहेर काढलं, असं इतिहासकार बाई म्हणतात. बाकीच्यांचं माहीत नाही."

मिस्टर डॉयल उठून बाहेर पार्किंग लॉटमध्ये गेले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. आता ते गाडीत बसून निघून जाणार, असं मी धरून चालले. ग्रेगला काय सांगायचं, त्याची जुळवाजुळवही मनात सुरू केली. पण ते परत आले. बसले नाहीत, उभ्यानेच बोलले.

"बाकीच्या ठिकाणी 'बिनविरोध' एवढंच लिहा. बार नको. आणि प्रदर्शन या निवडणुकीपासून सुरू करा."

तसंच केलं. ओपनिंगला त्यांची बहीण आली नाही. घराण्याची हार कशाला भिंतीवर टांगायची, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते मला समजू शकत होतं. नंतरच्या मीटिंगमध्ये ग्रेगने ही कल्पना कंपनीचीच होती असं सांगितलं.

आता नवीन डेटा आला की मी आधी रिकाम्या जागा शोधते. कोणीतरी त्या भरायला सांगणार हे ठरलेलंच. तेव्हा एवढंच विचारायचं, हे कोणी मोजलं होतं का? मोजलं नसेल तर जागा रिकामी ठेवायची.